लंबकाचं उत्तर १०.९ का येतं?

प्रश्न: नववीची मुलं साध्या लंबकावरून (दोऱ्याला टांगलेल्या गोळ्यावरून) गुरुत्व त्वरण काढतात, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते. ते सुमारे ९.८ मी/से² यायला हवं. बऱ्याच गटांचं उत्तर १०.९च्या आसपास येतं. चूक कुठे?

उत्तर: बहुधा मोजणीत. गोळा सोडतानाच मुलं ‘एक’ म्हणतात. ‘वीस’ म्हणेपर्यंत आंदोलनं (पूर्ण झोके) १९च झालेली असतात, त्यामुळे एका आंदोलनाचा वेळ कमी निघतो आणि ९.८चं १०.९ होतं. सुरुवात ‘शून्य’ने करायला लावा. लंबकाच्या मागे लावलेल्या कागदावर मधोमध उभी रेघ काढा. गोळा ती ओलांडताना घड्याळ सुरू करा आणि त्याच दिशेने ओलांडेल तेव्हाच पुढचा आकडा म्हणा. तिथे वेग सर्वाधिक, म्हणून क्षण नेमका पकडता येतो. लंबकाची लांबी टांगल्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा. १ मीटरला २० आंदोलनं सुमारे ४० सेकंदांत होतात. आणि कृपया कार्यपत्रिकेवर ‘अपेक्षित उत्तर ९.८’ छापू नका, मुलं आकडे जुळवत बसतात.