रँकल दुप्पट करण्याआधी दुसरी कुपी तपास

अगं, तुझी पोस्ट वाचली. उंदराची बोन मॅरो, एम-सीएसएफ या वाढीच्या प्रथिनात तीन दिवस, मग रँकल (सेलला ऑस्टिओक्लास्ट व्हायला सांगणारं प्रथिन), सातव्या दिवशी एकही ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड खाणारी सेल, नाही, आणि गाइड म्हणतायत रँकल ५० चं १०० नॅनोग्रॅम कर. (वयाने मोठी आहे म्हणून अगंतुगं करतेय, राग मानू नकोस.) माझंही सेम झालं होतं, इथेच बडोद्यात, आणि मीही रँकलच वाढवत बसले होते.

मॅरो कशी काढायची, ट्रॅप (ऑस्टिओक्लास्ट ओळखायचा स्टेन) कसा करायचा ते तुला येतंच असणार, सोडते. मला एवढंच सांग, तुझी एम-सीएसएफची कुपी खरंच एम-सीएसएफची आहे का? हसू नकोस, माझी नव्हती.

इंडेंट (खरेदीचा मागणी अर्ज) मी नीट भरला होता. पण तीन कोटेशनं लागतात, तर खरेदी विभागात कंपॅरेटिव्ह करताना कोणीतरी नुसतं 'माउस सीएसएफ' टाइप केलं आणि सगळ्यात स्वस्त निघालं जीएम-सीएसएफ, म्हणजे वेगळंच प्रथिन, तेच आलं. पार्सल आलं नेमकं नवरात्रात, मी रात्री गरबा सकाळी कल्चर अशा अवस्थेत, भराभर अलिकोट (छोटे वाटे) केले, ट्यूबांवर स्वतःच्या हाताने 'एम-सीएसएफ' लिहिलं आणि कुपी फेकून दिली. चार महिने गेले त्यात! सेल्स मस्त वाढायच्या, झुबके व्हायचे, फांद्या फुटायच्या, मला वाटायचं वा, काय तब्येत आहे. त्या बिचाऱ्या डेंड्रिटिक सेल (रोगप्रतिकारातल्या फांद्यावाल्या सेल) व्हायला निघालेल्या. जीएम-सीएसएफ सुरुवातीलाच मिळालं की प्रिकर्सरमधलं (अजून ऑस्टिओक्लास्ट न झालेल्या सेलमधलं) सी-फॉस खाली येतं, सी-फॉस नाही तर ऑस्टिओक्लास्टची जीन्स चालू करणारं एनएफएटीसी१ नाही, मग वरून रँकल किती का ओतेनास.

स्टॉक रजिस्टर भरताना चलान हातात आलं तेव्हा कळलं. खरेदीत गेले तर साहेब म्हणतात, "बेन, बन्ने सीएसएफ ज छे ने!" (ताई, दोन्ही सीएसएफच आहेत ना!) बदलून हवं तर नवीन फाइल करा म्हणे, आणि जुन्या फाइलवर 'माल बरोबर मिळाला' म्हणून सही माझीच. काय बोलणार?

तेव्हापासून 'फॅक्टर वाढव, सेल वाढतील' हे मला पटतच नाही (माझं मत हं, तुझ्या गाइडना दाखवू नकोस). एम-सीएसएफ सेलला जगवतं आणि तिच्यावर रँक रिसेप्टर आणतं, रिसेप्टरच नाही तर रँकल बोलणार कोणाशी? ऑप/ऑप नावाच्या म्युटंट उंदरांना चालणारं एम-सीएसएफच नसतं, म्हणून लहानपणी त्यांच्यात ऑस्टिओक्लास्ट जवळजवळ नसतात, हाडं ठासून भरलेली आणि दात हिरडीबाहेरच येत नाहीत. शिवाय एकच सिग्नल वेळ चुकली की उलटा पडतो. एलपीएसच घे (बॅक्टेरियाचं एंडोटॉक्सिन), रँकल आधी लागलेलं असेल तर प्रिकर्सरला पुढे ढकलतं, कोऱ्या प्रिकर्सरला मात्र अडवतं, त्यामुळे पीबीएस (सेल धुवायचं बफर) किंवा सीरममधून एंडोटॉक्सिन येत असेल तर तू पहिल्याच दिवशी हरलीस. टीएनएफ (सूज आणणारं प्रथिन) थोड्या रँकलसोबत जबरदस्त साथ देतं, एकट्याच्याने फारसं होत नाही. टी सेल्स सोडतात ते इंटरफेरॉन गामा तर रँकलचा निरोप पुढे नेणारं ट्राफ६च मोडीत काढतं, म्हणून स्प्लीनच्या सेल्स वापरत असशील तर त्यातल्या टी सेल्सकडे बघ.

आणि सातव्या दिवशीच का बघतेस? रँकल घातल्यावर तिसऱ्या दिवसापासून रोज बघ, या सेल मोठ्या झाल्या की पटकन मरतात, कदाचित येऊन गेल्याही असतील. (मी फक्त उंदीरवाली, माणसाच्या मोनोसाइटचं मला विचारू नकोस, आणि बेंच सुटूनही आता पाच वर्षं झाली.)

पैसे घालवण्याआधी शेजारच्या लॅबमधून रॉ २६४.७ सेल्स (उंदराच्या मॅक्रोफेजची सेल लाइन) माग, कमी पॅसेजच्या, म्हणजे कमी वेळा वाढवून वाटलेल्या, जुन्या झाल्या की त्या ऐकत नाहीत. त्यांना बाहेरून एम-सीएसएफ लागत नाही, नुसतं तुझं रँकल घाल. पाचेक दिवसांत तीन किंवा जास्त न्यूक्लियस असलेल्या ट्रॅप पॉझिटिव्ह सेल दिसल्या तर रँकल ठणठणीत आहे, मग सरळ स्टोअरमध्ये जा आणि दुसऱ्या कुपीचं चलान काढायला लाव. अडीचच्या आत जा, नंतर तिथे कोणी भेटत नाही.