लायसन्स बदलून मिळत नाही, नवं काढावं लागतं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज परवा रात्रपाळीत वाचला. तीन वर्षं आयसीयूत काढलीस आणि आता एनक्लेक्सला, म्हणजे अमेरिकेत नर्स होण्यासाठीच्या परीक्षेला, बसायचं ठरवलंस, वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंयस, ‘एजंट म्हणतो न्यूयॉर्कमधून अर्ज टाका, तिथलं सोपं आहे. पास झालात की लायसन्स पाहिजे त्या राज्यात ट्रान्स्फर होतं. ताई, खरं आहे का?’ फोनवर सांगितलं असतं, पण यातलं बरंचसं तुला दोन-तीन वर्षांनी पुन्हा लागणार आहे. म्हणून लिहूनच पाठवते.

आधी तो ट्रान्स्फर शब्द सोडून दे. शाळा सोडल्याचा दाखला काढून दुसऱ्या शाळेत लावतो, तसं इथे होत नाही. न्यूयॉर्कचं लायसन्स न्यूयॉर्कचंच राहतं. टेक्सासमध्ये काम करायचं तर टेक्सासच्या नर्सिंग बोर्डाकडे नव्याने अर्ज करायचा, फी भरायची, बोटांचे ठसे द्यायचे, आधीच्या राज्याकडून लायसन्सची खातरजमा मागवायची, तिथल्या नर्सिंग कायद्यावरची छोटी परीक्षा द्यायची, आणि मग टेक्सास आपलं स्वतःचं लायसन्स देतं. याला इथे एंडोर्समेंट म्हणतात. त्यात माफ असते ती फक्त एनक्लेक्स. ती एकदा पास झालीस की सगळ्या राज्यांत चालते. बाकी सगळं पुन्हा.

हे तुला नवीन वाटायला नको. तुझ्या वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरना विचार. शिकल्या तिकडे, नोंदणी तिकडच्या कौन्सिलची, पण पुण्यात काम करायचं म्हणून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे वेगळी नोंदणी करावी लागलीच ना?

इथे नर्सच्या नोंदणीचा पहिला कायदा नॉर्थ कॅरोलायनाने १९०३ मध्ये केला. त्याच वर्षी न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियानेही आपापले कायदे केले. तेव्हा परीक्षाही प्रत्येकाची वेगळी असे. १९४४ मध्ये सामाईक परीक्षा सुरू झाली आणि १९८२ मध्ये तिच्या जागी एनक्लेक्स आली. परीक्षा एक झाली, पण लायसन्स देण्याचा अधिकार एकाही राज्याने सोडला नाही. मला सुरुवातीला याचा फार राग यायचा. आता येत नाही. एखाद्या नर्सविरुद्ध तक्रार आली की चौकशी करणारं आणि वेळ पडली तर लायसन्स काढून घेणारं तेच बोर्ड असतं. ज्याला उद्या काढून घ्यावं लागेल, त्याने देताना नीट पारखून घ्यावं, हे मला पटतं.

तर न्यूयॉर्क. एजंट खोटं बोलत नाही, अर्धं सांगतो. अर्ज करताना सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथल्या सरकारचा ओळख क्रमांक, नसला तरी तिथे अडत नाही, आणि बाहेरून अर्ज करणाऱ्या आपल्यासारख्यांना तेच हवं असतं. लायसन्सही एकदा मिळालं की आयुष्यभराचं, फक्त दर ३ वर्षांनी नोंदणी करत राहायची. मीही माझं पहिलं लायसन्स तिथूनच काढलं. पण राहायचं दुसरीकडे असेल, तर तिथल्या सोपेपणाची किंमत पुढे एंडोर्समेंटच्या वेळी मोजावी लागते.

शिवाय न्यूयॉर्क कॉम्पॅक्टमध्ये नाही. कॉम्पॅक्ट म्हणजे राज्याराज्यांतला करार. त्यातल्या एका राज्याची रहिवासी म्हणून मल्टिस्टेट लायसन्स घेतलं की करारातल्या बाकीच्या राज्यांतही त्याच लायसन्सवर काम करता येतं. आज चाळीसहून जास्त राज्यं यात आली आहेत. टेक्सास आहे, फ्लोरिडा आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय अजून नाहीत. मात्र इथे तुझी फसगत होऊ नये म्हणून सांगते, पुण्यात बसून टेक्सासकडे अर्ज केलास तरी तुला मल्टिस्टेट मिळणार नाही. त्याला त्या राज्यातला कायदेशीर रहिवास लागतो आणि सोशल सिक्युरिटी नंबरही लागतो. आधी फक्त टेक्सासपुरतं मिळेल. इथे येऊन घर केलंस की मग ते मल्टिस्टेट करून घ्यायचं. आणि पुढे कधी कॉम्पॅक्टमधल्याच दुसऱ्या राज्यात मुक्काम हलवलास, तर ६० दिवसांच्या आत त्या नव्या राज्याकडे अर्ज गेला पाहिजे. हा नियम २ जानेवारी २०२४ पासून आहे. जुन्या मल्टिस्टेटवर वर्षानुवर्षं काढता येतील असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

माझं मत विचारशील तर, जिथे राहायचंय त्याच राज्यातून अर्ज कर. हॉस्पिटल ठरलं असेल तर त्यांनाच विचार. काहीच ठरलं नसेल तर कॉम्पॅक्टमधलं एखादं राज्य धर. आणि मनात कॅलिफोर्निया असेल, तर आधी तुझ्या कॉलेजचा अभ्यासक्रम काढून बघ. एखाद्या विषयाची थिअरी आणि त्याच विषयाची वॉर्डातली पोस्टिंग बरोबरीने झाली होती का, हे तिथे काटेकोरपणे बघतात. आपल्याकडे कित्येकदा थिअरी एका वर्षी आणि पोस्टिंग पुढच्या वर्षी होते. त्यावर तिथे चांगल्या चांगल्या मुलींचे अर्ज अडकले आहेत. अमुक राज्य इंग्रजीची परीक्षा मागत नाही, म्हणून त्याच्या मागे लागण्यातही अर्थ नाही. व्हिसासाठी व्हिसास्क्रीन, म्हणजे परदेशी नर्सच्या पात्रतेचं प्रमाणपत्र, लागतंच आणि त्याला आयेल्टससारखी परीक्षा लागतेच.

आता मुख्य गोष्ट. नाव.

आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी येतं. समज, जाधव सुनीता रामचंद्र. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि सुनीता रामचंद्र दोन्ही मिळून पुढचं नाव. लग्नानंतर सुनीता विलास पाटील. म्हणजे आडनाव बदललं, आणि मधलं नावही बदललं. काही घरांत पहिलं नावही बदलतात. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, आपण अशीच नावं बघत मोठ्या झालो. पण इथल्या बोर्डात फाइल उघडणाऱ्या माणसासमोर तीन वेगळ्या बायका उभ्या राहतात. डिप्लोमा एकीचा, कौन्सिलची नोंदणी दुसरीची, पासपोर्ट तिसरीचा.

माझं नेमकं हेच झालं. न्यूयॉर्कच्या वेळी निभावलं. मग तुझ्या भावजींची नोकरी ह्यूस्टनला हलली आणि २०१९ च्या शेवटी मी टेक्सासला एंडोर्समेंटचा अर्ज केला. न्यूयॉर्कला लागलेला शिक्षणाचा अहवाल वेगळ्या प्रकारचा होता. टेक्साससाठी नवा करताना विषयवार तासांची फोड लागली, आणि ती कॉलेजकडूनच यायला हवी होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला होता. माझ्या कॉलेजच्या तळमजल्यावरच्या कपाटात पाणी शिरलं होतं. भावाला पाठवलं, तर तिथल्या क्लार्कने त्याला गच्चीवर नेऊन वाळत घातलेल्या नोंदवह्या दाखवल्या. पानं एकमेकांना चिकटलेली, निळी शाई पसरलेली. भावाने त्याचा फोटो मला पाठवला. त्यात माझ्या बॅचचं पान होतं, माझं माहेरचं नाव अर्धं दिसत होतं. तो फोटो मी अजून ठेवलाय. तो क्लार्क भला माणूस. त्याने दुसऱ्या रजिस्टरवरून जुळवून सगळी फोड काढून दिली. पण कॉलेजच्या पत्रावर माझं माहेरचं नाव आणि अर्जावर सासरचं, म्हणून ते पत्र परत आलं. मग लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, असं सगळं पुन्हा गेलं. चार महिने गेले. हातात न्यूयॉर्कचं चालू लायसन्स, बारा वर्षांचा अनुभव, आणि मी ह्यूस्टनच्या घरात बसून. त्या लायसन्सवर टेक्सासमध्ये मला एक इंजेक्शन देण्याची परवानगी नव्हती.

म्हणून सांगते, लग्न ठरत असेल तर नावाचं आधी ठरव. माझ्या मते तरी बदलूच नकोस. पासपोर्ट, कौन्सिल, डिग्री तिन्हीकडे एकच नाव असेल तर तुझी निम्मी कटकट वाचली. घरच्यांना पटवणं कठीण जाईल, ते मला माहीत आहे. बदलायचंच झालं तर एनक्लेक्सचा अर्ज करण्याआधी सगळीकडे बदलून घे, राजपत्रात छापून घे, आणि त्या राजपत्राच्या पानाच्या दोन-तीन प्रती जपून ठेव. परीक्षेला जाताना पासपोर्टवरचं नाव आणि परीक्षेच्या परवानगीपत्रावरचं नाव एकच असावं लागतं, नाहीतर केंद्रावरूनच परत पाठवतात.

बोटांच्या ठशांचंही सांगून ठेवते, कारण हे कुणी सांगत नाही. ठसे बहुतेक राज्यं आपापले वेगळे मागतात. एका राज्याला दिलेले दुसऱ्याला चालत नाहीत. आणि आपल्या बोटांवर रेषा उरतातच किती? दिवसातून पन्नासदा हात धुवायचे, वर सॅनिटायझर. माझे ठसे दोनदा परत आले. तिसऱ्या वेळी तिथल्या बाईने माझा अंगठा हातात धरून उजेडात फिरवला आणि विचारलं, ‘नर्स का?’ मग म्हणाली, आठवडाभर रोज रात्री हाताला क्रीम लाव आणि ये. तसं केलं आणि ठसे उमटले. तूही ठसे द्यायच्या आधी सुट्टी घेऊन हात मऊ करून जा.

व्हिसाच्या रांगेबद्दल एजंटने तुला काय सांगितलंय ते माहीत नाही, पण खरं ते असं आहे. नर्सेसचं ग्रीन कार्ड बहुतेक वेळा ईबी-३ या नोकरीवर आधारित वर्गातून होतं आणि भारतात जन्मलेल्यांची ती रांग फार लांब आहे. आज ज्यांचा नंबर लागतोय त्यांचे अर्ज दहा वर्षांहून जुने आहेत. मला हे तुला सांगताना वाईट वाटतं, पण दोन वर्षांत नेतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी तुला ते माहीत असायला हवं. त्याचा लायसन्सशीही संबंध आहे. एनक्लेक्स पास होऊन नुसती घरी बसलीस तर काही राज्यं पुढे विचारतात, गेल्या काही वर्षांत काम केलंय का? टेक्सासमध्ये ही मुदत ४ वर्षांची आहे. तेव्हा आयसीयू सोडू नकोस. शिकवायला गेलीस, ऑफिसात बसलीस, तरी थोडं काम पेशंटजवळचं राहू दे. महाराष्ट्र कौन्सिलचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी वेळेवर कर, कारण इथलं कुठलंही बोर्ड तुझ्या मूळ नोंदणीची खातरजमा करायला तिथेच जाणार. इथलं पहिलं लायसन्सही तसंच. जिथे एनक्लेक्स दिलीस त्या राज्याकडून पुढची बोर्डं खातरजमा मागत राहतात. ते राज्य सोडलंस तरी त्याचे पासवर्ड, नंबर, पत्त्यातले बदल सांभाळ.

परीक्षेची मला तुझ्याबाबत काळजी नाही. किमान ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, ५ तास. मशीन ८५ ला थांबलं तरी घाबरू नकोस आणि १५० पर्यंत गेलं तरी नको, दोन्हींत मुली पास होतात. नापास झालीस तर ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं. ते लपवू नकोस. पुढे कुठल्याही अर्जावर विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नकोस. नापास होण्याने लायसन्स जात नाही, खोटं लिहिण्याने जातं.

आता येत्या सुट्टीला एवढं कर. दहावीपासूनचे सगळे कागद टेबलावर मांड. दहावी, बारावी, नाशिकच्या विद्यापीठाची डिग्री, चारही वर्षांच्या मार्कशीट, कौन्सिलची नोंदणी, आधार, पासपोर्ट. एका कोऱ्या कागदावर प्रत्येकावरचं नाव जसं छापलंय तसं उतरव, एका अक्षराचाही फरक असला तरी तसाच ठेव. ‘सुनिता’ कुठे ऱ्हस्व आणि कुठे दीर्घ ते नको, इंग्रजी स्पेलिंग बघ. जन्मतारीखही ताड. मग कॉलेजात जाऊन विषयवार तासांची फोड मागायला लाग, थिअरी वेगळी आणि वॉर्डची वेगळी. तुझ्या बॅचला शिकवणारे सर अजून तिथे आहेत तोवर हे काम होईल.

त्या कागदाचा फोटो मला पाठव. शनिवारी रात्री मी घरी आहे, तुझी रविवारची सकाळ असेल. आठच्या सुमारास फोन कर, कागद समोर ठेवून एकेक नाव बघू. आईला नमस्कार सांग.

तुझी,
ताई