खंडेनवमीचा हार आणि उशाखालचं शास्त्र

प्रश्न : सलाम, पाळकसाहेब. मी उद्यमनगरात एका शॉपमध्ये लेथवर आहे. खंडेनवमीला ज्याचं मशीन त्यानंच हार घालायचा, कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, अशी पद्धत आहे. आजवर मी रजा टाकत आलो. यंदा मालक म्हणतात, "तू जुना माणूस, तुझ्या हातानंच होऊ दे." नाही म्हणावं तर त्यांचं मन मोडतं, हो म्हणावं तर 'माझ्याशिवाय तुला अन्य देव नसावेत' ही पहिली आज्ञा मोडते. शिवाय दुपारी पेढे वाटतात. बायको म्हणते, घरात आणू नका. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सलाम. तुमचं पत्र वाचताना नाकात कूलंटचा वास आला. सेमिनरीत जायच्या आधी मीही चार वर्षं टर्नर होतो, तिथंच, मागच्या बोळात. आणि दर खंडेनवमीला मला ताप यायचा. चौथ्या वर्षी आमचे मिस्त्री दुपारी घरी आले, तापाच्या गोळ्या आणि चार पेरू घेऊन. मी अंगणात सायकलचं पंक्चर काढत बसलेलो. काही बोलले नाहीत. पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं, तर म्हणाले, "आधी बोलला असतास तर गोळ्यांचे पैसे तरी वाचले असते."

म्हणून रजा टाकू नका. आठ दिवस आधी मालकांना एकट्यात गाठा. मशीन धुतो, टाकी उपसतो, बर म्हणजे लोखंडाचा कीस झाडतो, झेंडूच्या पाट्याही उचलून आणतो म्हणा. झेंडू काही मूर्ती नव्हे, आपल्या लग्नातही त्याचीच तोरणं असतात. हार, कुंकू, नारळ मात्र दुसऱ्याच्या हातून होऊ दे, कारण माझा नमस्कार एकालाच वाहिलेला आहे. कोल्हापुरात हे समजायला जड नाही. गळ्यात तुळशीची माळ असलेल्याला इथं कुणी तांबडा-पांढरा आग्रहानं वाढत नाही.

कुणीतरी तुम्हाला बायबलातल्या नामानाची, अरामी सेनापतीची, गोष्ट सांगेल (2 राजे 5). धनी माझ्या हाताला टेकून रिम्मोन या त्याच्या देवाच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा व्हावी, असं तो म्हणाला आणि अलीशा संदेष्ट्यानं त्याला शांतीनं जा म्हटलं. खरं आहे. पण पूजा धन्याची होती, नामानाचा फक्त हात होता. तुम्हाला पूजाच करायला सांगताहेत.

पेढ्याचं उत्तर प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला, करिंथकरांना, दिलंय, पहिल्या पत्राच्या 8व्या आणि 10व्या अध्यायांत. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. पण 'हे अर्पण केलेलं आहे' असं कुणी सांगितलं, तर त्या माणसाखातर खाऊ नका. मूर्ती काहीच नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. काळजी होती ती शेजारी बसलेल्याच्या मनाची. तेव्हा नुसती मिठाई म्हणून पुडा फिरला तर घ्या, प्रसाद म्हणून हातावर ठेवला तर हसून, हात जोडून नको म्हणा. आणि बायकोच्या मनाला बोचत असेल तर तिला तत्त्वज्ञान ऐकवू नका. पेढा घरी नेऊच नका.

आता थोडं न विचारलेलं. माझ्या आईच्या उशाखाली शास्त्र, म्हणजे आपलं बायबल, असायचं. उघडलेलं मी क्वचितच पाहिलं, पण रात्री ते जरा हललं तरी तिला झोप लागायची नाही. आपल्या कितीतरी घरांत प्रार्थनासभेतून आणलेली तेलाची बाटली फळीवर असते. पोर रडलं की आधी बाटली, मग प्रार्थना, तीही आठवली तर. मोशेनं देवाच्याच सांगण्यावरून केलेल्या पितळी सापापुढं लोक पुढं धूप जाळायला लागले, तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडून टाकला (2 राजे 18). मला हा राजा फार आवडतो. परक्याचं फोडायला काय लागतं? यानं घरचं फोडलं.

रविवारी कामावर गेलं की मिळणाऱ्या डबल हजेरीबद्दल तुम्ही लिहिलं नाही, मीही फार ताणत नाही. लोभ हीच मूर्तिपूजा, असं कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात आहे, आणि त्या देवाला नारळही लागत नाही.

नवमीला सकाळी लवकर जा. मशीन पुसायला त्या दिवशी माणसं नेहमीच कमी पडतात.