फळ्यापाशी मोठ्यानं विचार करा

जॅमचे, म्हणजे बीएस्सीनंतर एमएस्सी आणि इंटिग्रेटेड पीएचडीच्या प्रवेशासाठी देशपातळीवर होणाऱ्या परीक्षेचे, निकाल लागून गेले की या सदराकडे येणारी बहुतेक पत्रं एकाच विषयाची असतात. मुलाखतीचं बोलावणं आलंय, आता काय करू? या वेळी त्यातली तीन घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त देते आहे, कारण त्या मुलीनं जे विचारलंय ते बाकीच्यांच्याही मनात असणार.

प्रश्न : मॅडम, मी बार्शीची. टीवायबीएस्सी फिजिक्सची परीक्षा नुकतीच दिली. जॅममध्ये रँक बऱ्यापैकी आली आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून इंटिग्रेटेड पीएचडीच्या (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) मुलाखतीचं पत्र आलं आहे. दहावीपर्यंत माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. लेखी परीक्षेची मला भीती नाही. पण समोर प्राध्यापक बसलेत आणि मी फळ्यापुढे उभी आहे, एवढं डोळ्यांसमोर आणलं तरी तोंड कोरडं पडतं. तीन वर्षांचा अभ्यासक्रम एवढ्या थोड्या दिवसांत कसा उजळू? उत्तर आलंच नाही तर काय करू? आणि माझा प्रोजेक्ट एलईडी वापरून प्लँकचा स्थिरांक काढण्याचा आहे. तो फारच साधा वाटतो. सांगू की नको?

उत्तर : सगळा अभ्यासक्रम उजळायला बसू नकोस. तो तुझ्या हातून होणार नाही आणि पॅनेललाही तो नको आहे. तुला काय काय येतं हे जॅमनं मोजून झालंय. तीन तासांत साठ प्रश्न होते, आणि संगणकानं फक्त उत्तर पाहिलं. उत्तरापर्यंत तू कशी पोचलीस, मधे कुठे थांबलीस, काय खोडलंस, हे त्यात कुणालाच दिसलं नाही. पॅनेलला नेमकं तेच बघायचं असतं. पुढची पाच-सहा वर्षं जिला आपल्या प्रयोगशाळेत घ्यायचं, ती अडल्यावर काय करते, हा त्यांचा खरा प्रश्न असतो. मी काही वर्षं एका संस्थेच्या मुलाखतींना बाहेरची परीक्षक म्हणून बसले आहे, त्या अनुभवावरून हे सांगते.

सुरुवातीला बहुधा विचारतात, 'कुठल्या विषयापासून सुरू करायचं?' इथे मुलं भारदस्त नाव घेतात. क्वांटम मेकॅनिक्स म्हणतात, कारण ते ऐकायला मोठं वाटतं. मग 'पेटीतला कण ग्राउंड स्टेटमध्ये, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या स्थितीत, आहे, पेटी अचानक दुप्पट रुंद केली, तर तो नव्या पेटीच्या ग्राउंड स्टेटमध्ये सापडायची शक्यता किती?' असं विचारलं की शांतता. पाठ केलेलं सूत्र इथे उपयोगी पडत नाही. भिंत अचानक सरकली तरी त्या क्षणी कणाचं वर्णन करणारं वेव्ह फंक्शन जुनंच राहतं, हे आधी सुचावं लागतं. हे तुला सुचत असेल तर खुशाल क्वांटम सांग. नसेल तर क्लासिकल मेकॅनिक्स आणि मॅथेमॅटिकल मेथड्स सांग, त्यात कमीपणा काही नाही. दोनच विषय निवड आणि त्यांत इतकी खोल जा की कुणी कुठूनही 'का?' म्हटलं तरी तुला एक पायरी खाली उतरता आलं पाहिजे.

आता उत्तर न येण्याबद्दल. मी स्वतः पुष्कळदा विचारलेला एक प्रश्न सांगते, घरी बसून करून बघ. चेंडू सरळ वर फेकला आहे आणि हवेचा विरोध धरायचा आहे. वर जायला वेळ जास्त लागेल, की खाली यायला?

काही मुलं लगेच खडू घेऊन समीकरण मांडतात आणि लॉग, टॅन इन्व्हर्समध्ये हरवतात. काही 'सारखाच' म्हणून मोकळी होतात. आमचा चेहरा खुलायचा तो कुणी असं बोलायला लागलं की : 'आधी हवा नाही असं धरते. मग दोन्ही वेळा सारख्या. आता हवा आणते. वर जाताना गुरुत्वाकर्षण खाली ओढतंय, हवेचा विरोधही खालीच आहे, म्हणजे वेग जी पेक्षा, म्हणजे गुरुत्वत्वरणापेक्षा, जास्त दरानं कमी होणार. खाली येताना विरोध वरच्या दिशेनं, म्हणजे त्वरण जी पेक्षा कमी. अंतर दोन्हीकडे तेच आहे. म्हणून खाली यायला वेळ जास्त.' फळ्यावर एक समीकरण नाही, आणि उत्तर पक्कं. एखादीनं त्यावर आपणहून म्हटलं की 'ऊर्जेनंही तपासता येईल, एकाच उंचीवर येताना वेग जातानाच्या वेगापेक्षा कमी असणार, कारण मधे ऊर्जा खर्च झाली,' तर आम्ही एकमेकांकडे बघायचो. एका उत्तरावर न थांबता दुसऱ्या वाटेनं तपासणं ही सवय शिकवून चटकन येत नाही.

मग पुढचा प्रश्न यायचा : अगदी माथ्यावर त्वरण किती? इथे चांगली चांगली मुलं 'शून्य' म्हणतात. वेग शून्य आहे, त्वरण नाही. वेग शून्य म्हणून विरोध शून्य, म्हणून त्या क्षणी त्वरण बरोबर जी. नंतर आम्ही वेग आणि काळाचा आलेख काढायला लावायचो. रेषा अक्षाला छेदते तिथे तिचा स्लोप जी एवढा, त्याआधी जास्त तीव्र, त्यानंतर कमी कमी होत जाणारा. आणि अक्षाच्या वरचं क्षेत्रफळ खालच्या क्षेत्रफळाएवढं, कारण चेंडू निघाला तिथेच परत आला. हा आलेख पहिल्या फटक्यात नीट जमलेली मुलं मला फारशी आठवत नाहीत. दोनदा पुसून तिसऱ्यांदा बरोबर काढणाऱ्यांची निवड झालेली मात्र आठवते.

म्हणून अडलीस तर गप्प उभी राहू नकोस. मनात चाललंय ते बोल. गप्प बसलेल्या मुलीला मदत कुठून करायची हे पॅनेललाही कळत नाही. बोललीस, तर कुठे गाडी अडली ते त्यांना दिसतं आणि ते खूण देतात. खूण मिळाली म्हणजे गुण गेले असं मुलांना वाटतं, तो समज काढून टाक. खूण देणं हा त्या संवादाचा भाग आहे. खूण दिल्यावर तू ती नुसती मान हलवून घेतेस की तिच्यावरून पुढची पायरी स्वतः टाकतेस, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. काहीच सुचलं नाही तर तीन गोष्टी करून बघता येतात. एककं जुळतात का बघायचं. एखादी राशी शून्य किंवा खूप मोठी केली तर काय होतं ते बघायचं. आणि प्रश्नच सोपा करून घ्यायचा. निव्वळ माहितीचा प्रश्न असेल आणि ती माहिती नसेल, तर 'आय डोन्ट नो' सरळ म्हण आणि मोकळी हो. विचार करून सुटेल अशा प्रश्नाला मात्र ते चटकन म्हणू नकोस.

प्रोजेक्ट जरूर सांग. साधा आहे म्हणूनच तो तुझा आहे; दुसऱ्याच्या सिम्युलेशनवर नाव घातलेल्या प्रोजेक्टपेक्षा त्यावर तुला कितीतरी जास्त बोलता येईल. पण तो पुन्हा एकदा उघडून बस. तुझं उत्तर ६.१ आलं असेल (दहाचा घात इथे लिहीत नाही), तर ६.१च सांग. पुस्तकातल्यासारखं ६.६२ आलं असं सांगितलंस तर पहिला प्रश्न येईल, 'इतकं अचूक कसं?' आणि तिथे बोलती बंद होईल. कमी का आलं, हे तुला सांगता आलं पाहिजे. ६४० नॅनोमीटरच्या लाल एलईडीच्या फोटॉनची ऊर्जा साधारण १.९४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. करंट आणि व्होल्टेजच्या आलेखाच्या गुडघ्यावर, म्हणजे करंट एकदम वाढू लागतो तिथे, तू १.८ व्होल्ट वाचलेस, तर उत्तर सातेक टक्के कमी येणारच. आणि गुडघा नेमका कुठे धरायचा, हे ज्याच्या त्याच्या नजरेवर आहे. शिवाय एलईडीचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो. एकाच एलईडीवरून उत्तर काढलं असशील, तर चार रंगांचे घेऊन व्होल्टेज विरुद्ध फ्रीक्वेन्सी असा आलेख काढ. सगळ्यांत सारखीच असलेली तूट इंटरसेप्टमध्ये जाते आणि स्लोपमधून स्थिरांक जास्त चांगला मिळतो. कॉलेजची प्रयोगशाळा अजून उघडी असेल तर लॅब असिस्टंटना विनंती करून हे खरंच करून ये. दुपारभराचं काम आहे. प्लँकच्या स्थिरांकाची किंमत २० मे २०१९ पासून कायमची ठरवून टाकली आहे आणि किलोग्रॅमची व्याख्या आता तिच्यावर उभी आहे, हेही वाचून जा. 'मग तू नेमकं काय मोजलंस?' असं कुणी विचारलं, तर त्यावर फार सुंदर बोलता येतं.

सराव एकटीनं वाचून होणार नाही. वर्गातली एखादी मैत्रीण गाठ, रिकाम्या वर्गात फळ्यापाशी उभी राहा, आणि तिला एकच काम दे : प्रत्येक वाक्यानंतर 'का?' विचारायचं. पहिले दोन दिवस चिडचिड होईल. नंतर हात आणि तोंड बरोबर चालायला लागतील. तोंड कोरडं पडण्यावर मला माहीत असलेला उपाय एवढाच आहे, आणि तो चालतो.

सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेस थेट बंगळुरूला जाते. एक दिवस आधी पोच. रात्रभर प्रवास करून सकाळी थेट मुलाखतीला जाऊ नकोस.

प्रश्न : मी चिपळूणचा. पुण्यात इंटिग्रेटेड पीएचडीची मुलाखत आहे. इंग्रजी समजतं, पण बोलताना अडखळतो. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं उत्तर व्हिडिओ बघून पाठ केलंय.

उत्तर : क्लास लावू नकोस, ते पैसे प्रवासाला ठेव. पाठ केलेलं ते उत्तरही विसर. विज्ञानाच्या मुलाखतीत स्वतःबद्दल दोन वाक्यं पुरतात : कुठला, कुठे शिकलास, काय आवडतं. पाठ केलेलं ओळखू येतं, आणि मग त्याच्या पुढचं तुझं खरं बोलणंही उगाच संशयानं ऐकलं जातं.

तुझ्यासारख्या मुलांची अडचण मी जवळून पाहिली आहे, आणि ती बहुतेकदा व्याकरणाची नसते. समीकरण मोठ्यानं वाचायची सवय नसते. वहीत आपण ते डोळ्यांनी वाचतो. फळ्यावर 'डी स्क्वेअर एक्स बाय डीटी स्क्वेअर' म्हणताना जीभ अडते, आणि जीभ अडली की विचारही अडतो. रोज तुझ्या पुस्तकातलं एक पान, समीकरणांसकट, मोठ्यानं वाच. 'लेट अस अझ्यूम', 'इफ वुई निग्लेक्ट', 'इन द लिमिट' असे जेमतेम वीस-पंचवीस तुकडे तोंडात बसले की फिजिक्सचं बोलणं निभतं. क्रियापद चुकलं म्हणून कुणाला नाकारलेलं मी पाहिलं नाही. प्रश्न कळला नाही तर परत विचारायला सांग. न कळलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र देऊ नकोस.

प्रश्न : आम्ही जालन्याचे. मुलीला बीएस्सीनंतर केंद्र सरकारच्या एका संस्थेत अशाच मुलाखतीला बोलावलं आहे. सहा-सात वर्षं शिक्षण म्हणजे खर्च केवढा? नातेवाईक म्हणतात, मुलीला इतकं कशाला. मी सोबत जावं का?

उत्तर : दादा, आधी पैशांचं. या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळते. सुरुवातीच्या एमएस्सीच्या वर्षांत रक्कम कमी असते आणि संस्थेनुसार बदलते, ती पत्रात बघा. पुढे पीएचडीच्या टप्प्यावर ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, सीनिअरची ४२,०००. जपून राहिली तर पुढच्या वर्षांत तुम्हाला घरून पैसे पाठवावे लागू नयेत.

नातेवाइकांना एक सांगा. वर जिच्या मुलाखतीबद्दल लिहिलंय, त्याच बंगळुरूच्या संस्थेत १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या कमला भागवत यांनी अर्ज केला होता. त्या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या स्वतः बंगळुरूला जाऊन हटून बसल्या, तेव्हा एक वर्ष काम पाहून मग ठरवू, या अटीवर त्यांना घेतलं. १९३९ मध्ये त्या केंब्रिजहून पीएचडी झाल्या. जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी म्हणून त्या पुढे आपल्याला माहीत आहेत. तुमच्या मुलीला तर संस्थेनं स्वतः पत्र पाठवून बोलावलं आहे. ते तिनं कमावलेलं आहे.

सोबत जरूर जा. गावाबाहेर पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीला बरोबर कुणी असलं की बरं वाटतं. बाहेर आल्यावर 'झाली का निवड?' विचारू नका, तिलाही ते माहीत नसतं. जॅमवरून आयआयटीच्या एमएस्सीला मुलाखत लागत नाही. तिथे जागा मिळाली असेल, तर इथला निकाल लागेपर्यंत ती सोडू नका.

आणि एक काम आजच करा. तुम्ही ओबीसीत येत असाल, तर केंद्रीय संस्थांना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. राज्यातल्या प्रवेशांसाठी काढलेलं तिथे चालत नाही. अर्ज करतानाच 'केंद्र सरकारचा नमुना' असं स्पष्ट सांगा, हातात आल्यावर मुलीचं नाव मार्कशीटवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा, आणि तारीख चालू आर्थिक वर्षातली आहे ना, तेवढं बघा.