जुन्या रेकॉर्ड जमवायच्या तर ऑनलाइन सोडून छोट्या स्वतंत्र दुकानात का जावं?

कारण तिथे तबकडी हातात घेऊन, उजेडात तिरकी धरून ओरखडे बघता येतात आणि नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी दुकानदार चांगला माल आधीच बाजूला काढून ठेवतो. जमवणाऱ्याला नुसतं गाणं नको असतं, नेमकं कुठलं प्रेसिंग आहे, म्हणजे तबकडी कुठल्या छपाईच्या खेपेतली आहे, हे हवं असतं. ते बऱ्याचदा लेबलालगतच्या कोऱ्या पट्टीत कोरलेल्या मॅट्रिक्स क्रमांकावरून कळतं, आणि फोटोत तो क्रमांक सहसा दिसतच नाही! शिवाय स्वतंत्र रेकॉर्ड दुकानांसाठी २००८ पासून दरवर्षी साजऱ्या होणाऱ्या 'रेकॉर्ड स्टोअर डे'च्या खास आवृत्त्या आधी अशा दुकानांतच विकायला येतात. मात्र एखादी ठरावीक दुर्मिळ रेकॉर्डच हवी असेल तर खुशाल ऑनलाइन शोधा. एकाच दुकानात ती सापडेपर्यंत वर्षं जातील.