वाचकांचे प्रश्न : फ्रिजच्या दारातलं गरम पाणी

प्रश्न : आमच्या फ्रेंच-डोअर फ्रिजच्या डाव्या दारात गरम पाण्याची सोय आहे. हल्ली बटण दाबलं की 'हीटिंग' दिसतं, पण पाणी तापत नाही. दार उघडून पुन्हा लावलं की कधीकधी चालतं. गार पाणी आणि बर्फ ठीक आहे. टेक्निशियन म्हणतो, मेन बोर्ड बदला. बदलावा का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : इतक्यात नको. तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे दाराची. मेन बोर्ड बहुतेक फ्रिजमध्ये मागच्या बाजूला असतो, दार हललं म्हणून त्याला काही होत नाही. हलतात त्या वरच्या बिजागरीतून दारात जाणाऱ्या तारा. दिवसातून पंचवीस-तीस वेळा वाकून आतलं तांबं तुटतं, बाहेरचं वेष्टन मात्र शाबूत दिसतं.

आधी प्लग काढा. बिजागरीवरचं झाकण उघडून हीटरच्या दोन तारांचे कनेक्टर सोडवा, मल्टिमीटर ओमवर ठेवून दाराकडे जाणाऱ्या दोन टोकांवर लावा आणि दुसऱ्या कुणाला दार सावकाश उघडझाप करायला सांगा. आकडा स्थिर राहायला हवा. मध्येच 'ओएल' (OL, म्हणजे सर्किट तुटलेलं) आलं तर तार तुटली आहे. आकडा किती हवा, हे हीटरवर छापलेल्या वॉटवरून काढता येतं : व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट. अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर ८०० वॉटचा हीटर असेल तर १८ ओम. अशा तारेतून जवळपास पावणेसात अँपिअर वाहतात, त्यामुळे पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड तिथे चालत नाही, तो तापतो. कंपनीचा पूर्ण हार्नेस, म्हणजे कनेक्टरसकट तारांचा जुडगा, बदलणं उत्तम.

दार कुठल्याही स्थितीत असताना 'ओएल'च आलं, तर थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापल्यावर सर्किट तोडणारा फ्यूज, उडालेला असण्याची शक्यता मोठी. हा हीटरला लागून, त्याच्याच सर्किटमध्ये असतो आणि एकदा उडाला की परत जुळत नाही. नवा घालण्याआधी तो का उडाला ते शोधा, नाहीतर नवाही जाईल. कारणं साधारण दोन. फिल्टर बदलल्यावर नळीत हवा राहते आणि टाकी रिकामी असताना हीटर लागतो. म्हणून नव्या फिल्टरनंतर आधी गार पाण्याचे काही लिटर सोडून द्यायचे. दुसरं कारण बोर्डावरचं : हीटर चालू-बंद करणारा ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट होणं किंवा रिलेचे संपर्क चिकटणं. मग बोर्डाने 'बंद' म्हटलं तरी हीटर तापतच राहतो. प्लग काढून, हीटर सोडवून ट्रायॅकच्या दोन मुख्य टोकांमधला रेझिस्टन्स मोजा. शून्याजवळ आला तर मात्र बोर्डाचा दोष खरा.

तिसरा संशयित तापमानाचा सेन्सर. बहुतेक ठिकाणी तो एनटीसी असतो, म्हणजे ताप वाढला की रेझिस्टन्स घटतो. २५ अंश सेल्सिअसला १० किलोओमचा सेन्सर ५० अंशांना साधारण साडेतीन आणि ८५ अंशांना एक किलोओमच्या आसपास यायला हवा. तुमच्या मॉडेलचा तक्ता सर्व्हिस शीटवर मिळेल, ती बऱ्याचदा फ्रिजच्याच आत कुठेतरी खोचलेली असते. कनेक्टरमध्ये ओल शिरली तर रेझिस्टन्स खोटाच कमी दिसतो, बोर्डाला पाणी तापलंय असं वाटतं आणि तो हीटर लावतच नाही. अशा वेळी 'तयार' लगेच येतं आणि कपात कोमट पाणी. तुमचं लक्षण वेगळं आहे, म्हणून सेन्सर यादीत खाली.

हे सगळं ठीक निघालं तरच टेक्निशियनला, फ्रिज चालू ठेवून, बोर्डाच्या हीटर-कनेक्टरवर व्होल्टेज मोजू द्या. हे काम घरच्यांनी करू नये. १२० व्होल्ट येत असून पाणी गार असेल तर बोर्ड निर्दोष. मात्र हीटर जोडलेला असतानाच मोजायला सांगा : ट्रायॅक बंद असतानाही त्यातून थोडी गळती होते आणि भार, म्हणजे हीटर, जोडलेला नसला की मीटर मोठा आकडा दाखवतो, मग ट्रायॅक शॉर्ट आहे असं वाटतं. एवढ्या एका चुकीवरून चांगले बोर्ड भंगारात जातात.

प्रश्न : ऑफिसात खाली छोटा फ्रिज असलेला बाटलीचा डिस्पेन्सर आहे. गार पाणी येतं, गरम येत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मागचा 'हॉट' स्विच चालू आहे ना, ते बघा. सफाई करताना तो हमखास बंद होतो. नंतर प्लग काढून मागचं कव्हर उघडा. गरम टाकीवर सहसा दोन थर्मोस्टॅट असतात : एक आपोआप चालू-बंद होणारा, दुसरा जास्त तापल्यावर उडणारा. दुसऱ्यावर मध्ये छोटं बटण असतं. टाकी गार झाल्यावर ते दाबा. 'टक' आवाज आला तर तो उडालेला होता. बाटली संपूनही स्विच चालू राहिला, की असंच होतं. पाणी बोअरचं असेल तर हीटरवर क्षार बसूनही तो पुन्हापुन्हा उडतो.

२३० व्होल्टवर ५०० वॉटचा हीटर सुमारे १०६ ओम दाखवेल. हीटरचं टोक आणि टाकीचा धातू यांच्यामध्ये मीटरने काहीही आकडा दाखवता कामा नये. दाखवला, किंवा मशीन लावताच ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर हीटर बदला आणि तोवर मशीन वापरू नका.