गाडी तूच चालवणार, मग हे आधी बोल ना!

पुण्याहून एकीचं पत्र आलंय. कॉलेजच्या चार मैत्रिणी डिसेंबरात चार दिवस कोकणात चालल्यात. एकीने एक्सेलमध्ये प्लॅन केलाय: पहिल्या दिवशी दिवेआगर, हरिहरेश्वर, दुसऱ्या दिवशी गणपतीपुळे, तिसऱ्या दिवशी मालवण, स्कुबा, सिंधुदुर्ग किल्ला, चौथ्या दिवशी थेट घरी. पत्रवाली लिहिते, "ताई, मला नुसतं लोळायचंय गं, पण तिने इतकी मेहनत घेतलीय की नाही म्हटलं तर दुखावेल. ग्रुपवर मी अंगठा देऊन बसलेय. गाडी माझीच आहे आणि चालवणारी पण मीच, बाकीच्यांना घाटात भीती वाटते."

अगं, हे शेवटचं वाक्य तू पहिलं लिहायला हवं होतंस! तुला वाटतंय की आपण आळशी आहोत, रसभंग करतोय वगैरे, आणि मला दिसतंय की तिघी खिडकीतून फोटो काढणार आणि तू चार दिवस क्लच दाबणार. भाड्याची गाडी केली असती ना, तर ड्रायव्हरला भत्ता दिला असता, त्याचं जेवण झालं का विचारलं असतं, रात्री नीट झोपू दिलं असतं. मैत्रिणीला कोण विचारतंय.

पण एक सांगते, रागवू नकोस. ती काही मनकवडी नाही. तुझा अंगठा बघून तिने पुढची हॉटेलं शोधली, यात तिचं काय चुकलं? म्हणून आजच तिला फोन कर, ग्रुपवर लिहू नकोस, तिथे चौघींसमोर तिचा प्लॅन मोडला की तिला ते लागणारच. सरळ सांग, "मला एवढं ड्रायव्हिंग झेपणार नाही, मी दमलेय." बास. "मला चालेल गं, पण बघ ना..." असलं काही नको, त्यातून तिला फक्त "चालेल" ऐकू येईल.

आणि नुसतं नाही म्हणू नकोस, हातात दुसरा प्लॅन ठेव. ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला जा, तिथे दोन रात्री एकाच घरी राहा. जेवायला किती जणी ते सकाळीच सांगून ठेवा, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. तिथून श्रीवर्धनला समुद्राच्या कडेकडेने, शेखाडीवरून जाणारा रस्ता आहे, वीसेक किलोमीटरच असेल पण दर वळणावर थांबावंसं वाटतं, थांबा की मग. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याला गाडी जंगल जेट्टीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत घाला, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरा, नाहीतर वळसा केवढा मोठा पडतो बघ नकाशात. तेवढा वेळ तुझे पाय पेडलवरून सुटतील, इंजिन बंद, हातात वडापाव. पुढे केळशी, आंजर्ले, संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव. मुक्काम तिथेच कुठेतरी. आणि हो, डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार पडतो, त्या अरुंद रस्त्यांवर रात्री गाडी चालवायची नाही, हा नियम तू घाल, चालवणारीला तेवढा हक्क आहे.

एक्सेलवालीला काम हवंच असतं गं, असल्या माणसांना रिकामं बसवलं की ती जास्त त्रास देतात :) तिला राहायच्या घरांचे फोन, जेट्टीच्या वेळा, पेट्रोलचा हिशोब दे, खूश होईल. आणि घाटाला घाबरणाऱ्या दोघींकडे लायसन्स असेल तर माणगावच्या पुढच्या सपाट पट्ट्यात थोडी थोडी चालवू दे, तू मागे बस आणि ब्रेक ब्रेक म्हणून ओरडू नकोस.

एवढं करूनही रुसली तर रुसू दे दोन दिवस. पुण्याहून मालवण साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे, तो हट्ट असेलच तर पुढच्या वेळी कोकण रेल्वेने कुडाळला उतरा आणि तिथून रिक्षा करा. स्कुबाचं बुकिंग तिलाच करू दे.